शालेय समुपदेशन व आरोग्यसेवा, भिलाई

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या पोलादनगरीत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी शारीरिक व मानसिक आरोग्याची मदत. ती एका यंत्रणेच्या हाती नाही. काही भाग कारखान्याचा, काही आरोग्य खात्याचा, काही शिक्षण मंडळांचा. मूल कोणत्या वस्तीत राहते आणि आईवडील कुठे नोकरीला आहेत, यावर त्याच्या वाट्याला काय येणार हे बरेचसे ठरते.

पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ साली झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. कारखान्याने सेक्टरवार वसाहत वसवली, शाळा काढल्या आणि सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय उभारले. आजचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र ते हेच. कर्मचाऱ्याच्या मुलाला शाळा आणि डॉक्टर एकाच मालकाकडून मिळत. सुपेला, खुर्सीपार, कॅम्प या वस्त्यांतल्या इतर मुलांचा आधार म्हणजे सुपेल्याचे लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय. पुढे कारखान्याचे मनुष्यबळ घटले, तशा त्याच्या शाळाही कमी झाल्या.

शारीरिक आरोग्याची बाजू त्यातल्या त्यात बांधीव आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम छत्तीसगडमध्ये ‘चिरायू’ नावाने चालतो. डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक शासकीय शाळांत येऊन मुले तपासते आणि गरज असेल त्याला पुढे पाठवते. किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी आणि ठरावीक काळाने जंतनाशक दिले जाते. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटासाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे आणली. महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ क्लिनिक म्हणून ओळखली जातात.

या भागातला सर्वांत अवघड प्रश्न सिकलसेलचा. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा सलग आहे. आदिवासींबरोबर साहू, कुर्मी अशा समाजांतही तो आढळतो, म्हणून दुर्गसारख्या सपाटीवरच्या जिल्ह्यालाही त्यातून सुटका नाही. केवळ वाहक असलेल्या मुलाला सहसा काहीच होत नाही. रुग्ण असलेल्याला मात्र थंडीत, पाणी कमी पडल्यावर किंवा अतिश्रमाने हाडे-सांध्यांच्या असह्य कळा येतात. असा विद्यार्थी वारंवार गैरहजर राहतो आणि माहिती नसलेल्या शिक्षकाला तो कामचुकार वाटतो. त्याला वर्गात पाणी पिण्याची मुभा, कवायतीतून सूट आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय हवी असते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांना निळी गोळी देत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. म्हणजे गोळ्या वाटणाऱ्यालाही कोणाला काय आहे हे ठाऊक असावे लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. शाळकरी वयात निदान झाले की लग्नाच्या वेळी उपयोगी पडणारा सल्ला वेळेत देता येतो. तो देताना मुलीवर ठपका बसणार नाही, याकडे कोण पाहणार?

मानसिक समुपदेशनात योजना भरपूर, माणसे थोडी. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. माफक वाटणारी ती सूचनाही देशभर रुजली नाही. सीबीएसई १९९८ पासून परीक्षांच्या काळात दूरध्वनीवर सल्ला देते, आणि तिच्या नियमांनुसार माध्यमिक शाळेत समुपदेशक असावा लागतो. शासकीय शाळांत आयुष्मान भारत योजनेखाली दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गणित शिकवून, गुण देऊन वर मनातलेही ऐकायचे, ही अपेक्षा मोठीच. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. बाह्यरुग्ण विभागाने भागत नसेल, तर राज्याचे मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. भिलाईहून ते शंभराहून अधिक किलोमीटर लांब.

भिलाईत ताणाचे एक कारण ठळक आहे. अभियंत्यांच्या या गावात आयआयटीची प्रवेश परीक्षा घराघरांतला विषय असतो. सिव्हिक सेंटर, नेहरूनगर भागांत शिकवणी वर्गांची दाटी आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी १६ वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेण्यास मनाई केली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असेही त्या निर्देशांत आहे.

समुपदेशकाने विद्यार्थ्याचे बोलणे गुप्त ठेवावे हा संकेत, पण त्याला मर्यादा आहेत. जिवाला धोका दिसला तर पालकांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. ही अट विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगितलेली बरी.