कढी का फुटते? ग्वाल्हेरच्या मराठी स्वयंपाकघरातील ‘थोडे थोडे’

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यालगत फौजेचा तळ दिला. त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले आणि शिंद्यांची राजधानी उज्जैनहून तेथे स्थिरावली. फौजेबरोबर आणि नंतर दरबारच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या तेथे राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी, आमटी आणि श्रीखंड टिकले. शेजारपाजारच्या हिंदी भाषक घरांतून बेडई, कचोरी आणि पकोड्यांची दाट कढीही आली. त्यामुळे कढी या एकाच नावाचे दोन पदार्थ तेथे एकाच चुलीवर होतात, आणि त्या दोहोंचे नियम एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

महाराष्ट्रीय कढी पातळ असते. आंबट ताकाला बेसन लावायचे, आले-मिरची, कढीपत्ता आणि जिऱ्याची फोडणी द्यायची, मंद आचेवर ढवळत राहायचे आणि कढी वर येऊ लागताच पातेले उतरवायचे. ‘उकळू देऊ नकोस, फुटेल’ ही या कढीची पहिली सूचना. उत्तरेकडील कढी मात्र अर्धा-पाऊण तास रटरटत ठेवतात. कमी उकळली तर कच्च्या बेसनाचा वास राहतो, असे तिथल्या गृहिणी सांगतात. दोन्ही सूचना खऱ्या आहेत. घोटाळा होतो तो एकीची कृती दुसरीच्या नियमाने केली म्हणजे. पातळ कढी निवांत उकळत ठेवली की तिचे चोथा-पाणी होते, आणि दाट कढी पहिल्या उकळीला उतरवली की ती कच्ची लागते.

कारण शोधायचे तर ताकापासून आरंभ करावा लागतो. दुधातील केसीन हे प्रथिन दही लागतानाच साकळते. त्याचे एक सैल जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. दही घुसळले की त्या जाळ्याचे सूक्ष्म तुकडे होतात. ताक म्हणजे असे तुकडे पाण्यात तरंगत असलेले द्रव. आच लागली की हे तुकडे आक्रसतात, आतले पाणी बाहेर टाकतात आणि एकमेकांना चिकटून दाणे धरतात. यालाच आपण ‘कढी फुटली’ म्हणतो. ताक जितके आंबट आणि आच जितकी एकदम, तितके हे लवकर घडते.

बेसन येथे केवळ दाटपणासाठी नसते. त्यातील पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात, द्रव दाट होते आणि केसिनाचे तुकडे परस्परांपर्यंत सहज पोहोचू शकत नाहीत. म्हणजे बेसन हा कढीतला मध्यस्थ आहे. अर्धा लिटर ताकाला एक चमचा बेसन लावले तर हा मध्यस्थ दुबळा असतो आणि त्याच्या जिवावर कढी उकळता येत नाही. उत्तरेकडे एका वाटी दह्याला चार-पाच मोठे चमचे बेसन आणि तीन-चार वाट्या पाणी घेतात. तिथे मध्यस्थ इतका भक्कम असतो की कढी तासभर उकळली तरी फुटत नाही. तरीही पहिली उकळी येईपर्यंत तिला सतत ढवळावे लागते, कारण पिष्ट फुगण्याआधीचा काळ तिलाही धोक्याचाच असतो. पहिली उकळी आल्यावर ती अधूनमधून ढवळली तरी चालते. मीठ शेवटी घालण्याची पद्धत बहुतेक घरांत आहे. त्यात सावधगिरी अधिक आहे आणि गरज कमी. पीठ पुरेसे असेल तर आधी घातलेल्या मिठाने कढी बिघडत नाही.

ग्वाल्हेरचे हवामानही या हिशेबात धरावे लागते. उन्हाळ्यात तेथील तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. सकाळचे ताक संध्याकाळपर्यंत कडक आंबट होते. थंडीत उलट स्थिती असते, रात्रभर ठेवूनही दही नीट लागत नाही आणि भांडे कापडात गुंडाळावे लागते. जी कढी जानेवारीत सुरळीत होते, तीच त्याच मापाने मे महिन्यात फुटते, ती ताकाच्या या वाढलेल्या आंबटपणामुळे. अशा वेळी बेसन अर्धा चमचा वाढवणे आणि ताकात थोडे गोड दही किंवा पाणी मिसळणे हा सोपा उपाय आहे. कढी फुटल्यावर मात्र उपाय अर्धाच असतो. चमचाभर बेसन थंड पाण्यात कालवून, पातेले उतरवून, रवीने घुसळत हळूहळू घातले तर ती दिसायला सावरते. पण आक्रसलेले केसीन पूर्ववत होत नाही आणि जिभेला रवाळपणा जाणवतोच.

बेसन ताकाला लावण्याची रीत स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. कोरडे पीठ गरम द्रवात टाकले की त्याच्या गोळीचा बाहेरचा थर आधी भिजतो, साधारण ६५ ते ७५ अंश तापमानाला त्यातले पिष्ट फुगून चिकट होते आणि त्या चिकट थरातून आत पाणी शिरत नाही. गुठळी फोडली की आत कोरडे पीठ सापडते ते यामुळे. म्हणून पीठ आधी थंड ताकात कालवतात. इथेही क्रम आहे: सगळे ताक एकदम न ओतता दोन-तीन चमचेच घालून आधी घट्ट लगदा करायचा, तो चमच्याने दाबून मऊ करायचा आणि मग उरलेले ताक थोडे थोडे मिसळत जायचे. पातळ द्रवात गुठळ्या चमच्याला हुलकावणी देतात, घट्ट लगद्यात त्या चिरडल्या जातात. ‘आधी घट्ट, मग पातळ’ हे सूत्र धिरड्याच्या पिठाला, आमटीला लावायच्या पिठाला आणि मुलांच्या नाचणीच्या सत्त्वालाही तितकेच लागू आहे.

गरम आमटीत किंवा रश्श्यात दही घालतानाचे ‘थोडे थोडे’ निराळ्या दिशेने चालते. तिथे दही रश्श्यात टाकायचे नसते. रस्साच पळीपळीने दह्यात घालून दही कोमट करायचे आणि मग ते पातेल्यात सोडायचे. थंड दह्यावर एकदम आच आली की ते आक्रसते, हळूहळू तापले तर बराच वेळ सांभाळून घेते. ही एक युक्ती अंगवळणी पडली तर रश्श्यात दही फुटण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.

गोव्यातील वाचकांना हाच अनुभव नारळाच्या रसात येतो. दुसऱ्यांदा काढलेला पातळ रस आधी शिजवायला वापरायचा आणि पहिला दाट रस अखेरीस घालून आच मंद करायची, ही येथील घरोघरची रीत आहे. नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. जोरदार उकळीने आणि आंबटाने ते थेंब एकत्र येतात आणि तेल सुटते. सुके मसालेदार पदार्थ करताना हे सुटलेले तेल हवेहवेसे असते, हुमणात ते नको असते. सोलेही शेवटाकडे घालतात, आणि सोलकढी तर विस्तवावर चढवतच नाहीत. कढी फुटू नये म्हणून ग्वाल्हेरात बेसन जे काम करते, ते काम येथे मंद आच आणि क्रम करतात.

जिन्नस घालण्याचा क्रम हा वेगापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. तूरडाळ शिजण्याआधी चिंच किंवा आमसूल पडले तर डाळ टणक राहते, कारण आम्लामुळे डाळीच्या पेशींना एकत्र धरणारे पेक्टिन विरघळण्यास विरोध करते. गुळाचेही तसेच. साखरेचा अंश आणि गुळातील कॅल्शियम मिळून डाळ मऊ होऊ देत नाहीत. पुरणाची हरभरा डाळ बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, ही आज्ञा म्हणूनच कोकणात, नागपुरात आणि ग्वाल्हेरातही सारखीच आढळते. गूळ पडल्यावर पुरण पातळ होते, तेव्हा घाबरून आच वाढवण्याचे कारण नाही; आटवत नेले की ते पुन्हा घट्ट होते. शिऱ्यात साखर रवा फुलल्यानंतर घालतात तेही यासाठीच. साखर आधी पडली तर ती पाणी स्वतःकडे ओढते आणि रव्याचा दाणा कडक राहतो. शिऱ्याला पाणी मात्र उकळते हवे. तुपात भाजलेल्या रव्याच्या प्रत्येक दाण्याभोवती तुपाचे आवरण असते, म्हणून तेथे गरम पाण्यानेही बेसनासारख्या गुठळ्या होत नाहीत.

श्रीखंडाचा प्रश्न साखरेच्याच या स्वभावातून निर्माण होतो. चक्क्यात सगळी साखर एकदम घातली की ती त्यातले पाणी ओढून घेते आणि मिश्रण अचानक सैल पडते. नवखी व्यक्ती त्या क्षणी घाबरते. साखर तीन-चार हप्त्यांत मिसळली आणि मध्ये थोडा थोडा वेळ दिला तर चक्का किती सैल होतो याचा अंदाज येतो आणि गरजेपेक्षा जास्त साखर जात नाही. नंतर पुरणयंत्रातून काढल्याने ते एकजीव होते. चक्का नीट टांगला नसेल तर साखर कितीही बेताने घातली तरी श्रीखंड पातळच होणार, हेही सांगायला हवे.

कणीक भिजवताना पाण्याचे नेमके माप कोणत्याही पुस्तकात मिळत नाही, आणि मिळाले तरी ते फारसे उपयोगाचे नसते. पिठात मुळातच ओलावा किती आहे यावर पाणी ठरते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत पीठ अधिक पाणी मागते. पणजी-मडगावच्या आषाढात तेच पीठ हवेतला दमटपणा आधीच शोषून बसलेले असते. मध्य प्रदेशातून गोव्यात आलेल्या माणसाने आपल्या जुन्या मापाने पाणी ओतले तर कणीक परातीला चिकटते. म्हणून पाण्याचा शेवटचा पाव हिस्सा हाताशी ठेवून चमच्याचमच्याने घालावा, आणि कणीक दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवल्यावरच आणखी पाणी हवे का हे ठरवावे. झाकून ठेवलेल्या वेळात पीठ पाणी पिऊन घेते. घट्ट वाटलेली कणीक पुष्कळदा आपोआप मऊ होते.

पिठल्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकात दोन पंथ आहेत. काही घरांत बेसन पाण्यात कालवून फोडणीत ओततात. काही घरांत उकळत्या पाण्यावर डाव्या हाताने कोरडे पीठ भुरभुरत उजव्या हाताने घोटतात. दुसऱ्या रीतीला ‘पीठ पेरणे’ म्हणतात, आणि हा शब्दच सगळी कृती सांगतो: शेतात बी टाकावे तसे पीठ विरळ, सारखे आणि हात न थांबवता पडले पाहिजे. पेरण्याने पिठल्याला जो खमंगपणा आणि किंचित रवाळ पोत येतो तो कालवलेल्या पिठल्याला येत नाही, असे पेरणाऱ्यांचे मत आहे, आणि ते बरोबर वाटते. चुकून राहिलेल्या गाठी आवडीने वेचून खाणारी माणसेही कमी नाहीत. कांदा किंवा मेथीच्या पीठ पेरलेल्या भाजीत पाणी नसतेच. तिथे पीठ भाजीच्या अंगच्या ओलाव्यावर आणि वाफेवर शिजते, म्हणून ते एकदम टाकले तर कोरडेच राहते.

तरीही ‘थोडे थोडे’ हा सर्वत्र लागू पडणारा नियम मानणे चूक ठरेल. मोदकांची उकड हा त्याचा ठळक अपवाद. जेवढी तांदळाची पिठी तेवढेच पाणी मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळतात आणि पिठी एका दमात ओतून, ढवळून, झाकण ठेवतात. येथे पाणी मोजकेच असते. पिठी सावकाश पेरत बसले तर आधी पडलेली पिठी सगळे पाणी पिऊन टाकेल आणि नंतरची कोरडी राहील. ज्या गुठळ्या होतात त्या मळताना मोडल्या जातात. मळण्याचे श्रम हाच येथे रवीचा पर्याय आहे.

दुसरा अपवाद ग्वाल्हेरच्या परिसराने स्वतःच दिला आहे. गजक ही ग्वाल्हेर आणि शेजारच्या मुरैन्याची थंडीतली ओळख. मुरैन्याच्या गजकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाचा किंवा साखरेचा पाक कडक होईपर्यंत शिजवून, थोडा निवल्यावर खुंटीला अडकवून ओढत राहतात. ओढण्याने त्यात हवा मिसळते, रंग फिका होतो, आणि मग भाजलेले तीळ मिसळून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात. घरी संक्रांतीला तिळगुळाचे लाडू करतानाही हीच घाई असते. पाक हातातून निसटण्याआधी तीळ एकदम पडले पाहिजेत. शिवाय ते गरम हवेत. थंड तीळ पडले की पाक त्यांच्याभोवती जागच्या जागी आळतो आणि लाडू वळण्याआधीच फुटू लागतो. म्हणून तीळ भाजून झाकून ठेवतात आणि पाकाची गोळी पाण्यात टणक झाली की लगेच ओततात. लाडू वळायला तेव्हा घरातली चार माणसे परातीभोवती, हाताला तूप लावून, आधीच बसलेली असावी लागतात.