शहाळं घेऊन काळाच्या मागे

माहीमच्या वाडीत तुम्ही उभे आहात. वर माड, मध्ये केळी, सावलीला पानवेल. हातात शहाळं आहे. ते पिऊ नका, बरोबर घ्या.

१९२२. न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ. लुईस नडसन काचेच्या नळीत ऑर्किडचं बी पेरतोय. बी कसलं, धूळच ती! श्वास जपून सोडा. या बियांना आईने शिदोरीच बांधून दिलेली नसते. रानात एखादी बुरशी पोसेल तेव्हा त्या रुजतात. नडसनने बुरशीला फाटा दिला, अगारच्या जेलीत साखर आणि क्षार घातले. बी रुजलं. तुमच्या शहाळ्याची त्याला गरज पडली नाही.

पुढे चला, १९४१. टेबलावर चक्क धोतरा! व्हॅन ओव्हरबीक आणि त्याचे सहकारी धोतऱ्याचे मिलिमीटरहून लहान गर्भ वाढवू पाहताहेत. साखर, क्षार, जीवनसत्त्वं देऊन झाली, गर्भ काही वाढेनात. नारळाचं पाणी घातलं आणि ते वाढू लागले. नवल नाही. नारळाने आपल्याच कोंबासाठी साठवलेलं ते पातळ अन्न: साखर, अमिनो आम्लं, पोटॅशियम आणि पेशींना विभागायला लावणारी सायटोकायनिनं. त्यातलं नेमकं काय काम करतं, हे इथे अजून कुणालाच सांगता येत नाही. कायनेटिन हे पहिलं सायटोकायनिन हाती लागेल ते १९५५ मध्ये. गुण आधी आला, कारण मागून. शेतीत हे नेहमीचंच.

१९९०, पुणे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांच्या बाटल्यांत वीतभरही नसलेल्या बांबूला फुलं आलीत. रानात त्यासाठी कित्येक दशकं थांबावं लागतं. त्या बाटल्यांतल्या पोषक माध्यमातही नारळपाणी आहेच.

आता आजच्या प्रयोगशाळेत या. ऑर्किडच्या माध्यमात लिटरला साधारण १०० ते १५० मिली नारळपाणी घालतात. कुठे पिकल्या केळ्याचा गर, कुठे बटाट्याचा अर्क. माहीमच्या वाडीतलंच सामान! खोट एकच: कोवळं शहाळं आणि जून नारळ यांचं पाणी सारखं नसतं, म्हणून सायटोकायनिनांसारख्या बाटलीबंद संप्रेरकांइतकी खात्री त्यात नाही. पण स्वस्त आणि हाताशी असलेलं हे पूरक टाकून देण्यात शहाणपण नाही.

करून बघणार असाल तर एकाच वयाच्या शहाळ्यांचं पाणी एकत्र गाळून गोठवून ठेवा, आणि प्रत्येक जातीसाठी नारळपाणी न घातलेल्या काही बाटल्या तुलनेसाठी शेजारी ठेवायला विसरू नका.