हे पत्र 21 जणांना पाठवा

संतोषी मातेची पोस्टकार्डं ज्यांच्या घरी आली असतील, त्यांना पुढची हकिगत नवी वाटणार नाही. ‘अशी 21 पत्रं लिहा. एकानं लिहिली, त्याला लॉटरी लागली. एकानं फाडलं, त्याचा धंदा बसला.’ खाली सही नाही, तारीख नाही. तरी बोटं दुखेस्तोवर कार्डं खरडणारी मंडळी होतीच. फायदा झाला तो पोस्टखात्याचा!

मग संगणक आला नि बोटांचे कष्टही वाचले. 1994 च्या अखेरीस अमेरिकेत एक ई-मेल फिरली : ‘गुड टाइम्स’ नावाची मेल आली तर उघडू नका, नुसती वाचलीत तरी हार्ड डिस्क पुसली जाईल. वजन यावं म्हणून तिथल्या सरकारी दळणवळण आयोगाचं नाव. विषाणूंच्या दवंड्या पिटणं हे त्या आयोगाचं कामच नव्हे, पण विचारतो कोण? त्यात म्हणे, प्रोसेसर कसल्याशा ‘अनंत आवर्तात’ सापडून कायमचा बाद होतो! लिहिणाऱ्याला याचा अर्थ ठाऊक नव्हता आणि वाचणाऱ्याला विचारायची लाज वाटत होती. वास्तविक तेव्हाची मेल म्हणजे निव्वळ मजकूर. तो वाचून यंत्र बिघडणं म्हणजे अग्रलेख वाचून चष्मा फुटण्यापैकी. ‘गुड टाइम्स’ विषाणू नव्हताच मुळी. पसरली ती सूचना. तिच्या प्रती काढायला माणसं होती, आणि तीही परोपकारी!

मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ म्हणत खराखुरा विषाणू आला. सोबतचं प्रेमपत्र उघडायचा अवकाश, तो पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांकडे रवाना! लांडगा खरा आला, तर लोकांनी कडी काढून दिली.

पण माझं मन बसलं ते 2002 च्या अस्वलावर. ‘तुमच्या संगणकात करड्या अस्वलाचं चित्र असलेली फाइल शोधा. तो विषाणू आहे, 14 दिवस झोपतो, मग उठतो. लगेच पुसा आणि सर्वांना कळवा.’ लोकांनी शोधलं, तर खरंच अस्वल! असणारच, ते मायक्रोसॉफ्टनंच विंडोजबरोबर धाडलं होतं. जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाचं, इतरांना निरुपयोगी. घरोघर ते पुसलं गेलं. पंधराव्या दिवशीही संगणक सुरळीत चालले, तेव्हा ‘वेळेवर कळलं म्हणून वाचलो बुवा!’ म्हणत मंडळींनी पाठवणाऱ्याचे आभार मानले.