आलिशान मोटारीचे तेल कोणी बदलायचे?

मोटारीच्या देखभालीचा इतिहास कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपासून सुरू होत नाही. तो एका गृहिणीपासून सुरू होतो. ऑगस्ट 1888मध्ये बर्था बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली. ओयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना सोबत घेऊन त्या जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक होते. पेट्रोल पंप तेव्हा अस्तित्वात नव्हते, म्हणून वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतले. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जात असे, ते जागोजागी थांबून भरावे लागले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजल्यावर एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले.

आज त्याच बेंझ नावाची नवी गाडी घेणाऱ्याने बॉनेट उघडले, तर त्याला काळे प्लास्टिकचे आवरण दिसते. काचा धुण्याचे पाणी भरायचे एक झाकण तेवढे त्याच्यासाठी मोकळे असते. बाकी सगळे ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ या वाक्यात गुंडाळलेले असते. या सव्वाशे-दीडशे वर्षांत मालक आणि त्याची मोटार यांच्यामध्ये नेमके काय आले, हे समजून घ्यायचे असेल, तर इंजिन ऑइल, गियरबॉक्स ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट या चार द्रवांचा इतिहास पाहिला तरी पुरेसे आहे.

मालकच मिस्त्री

1908 ते 1927 या काळात अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाड्या दीड कोटीच्या आसपास तयार झाल्या. बहुतांश ग्राहक शेतकरी आणि छोट्या गावांतले लोक होते. या गाडीत ऑइल तपासायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक नव्हती. इंजिनाच्या खालच्या भागाला दोन छोटे नळ होते. मालकाने गाडीखाली वाकून वरचा नळ उघडायचा. तेल आले तर पातळी भरपूर आहे. वरच्यातून नाही, पण खालच्यातून आले तर काम चालेल. खालचाही कोरडा निघाला, तर तेल घातल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

हे सगळे मालकाला कोण शिकवत होते? खुद्द कंपनी! गाडीसोबत मिळणारी फोर्डची पुस्तिका प्रश्नोत्तर रूपात होती. तेल कसे घालायचे, केव्हा काढून टाकायचे, रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून काय करायचे, असे प्रश्न आणि त्यांची साधी उत्तरे. आम्ही शिक्षक मुलांसाठी मार्गदर्शिका काढतो, साधारण तसेच. मालकाला ज्ञान देणे हा तेव्हा विक्रीचाच एक भाग होता.

शोफर, मिस्त्री आणि उस्ताद

महागड्या गाड्यांची गोष्ट मात्र पहिल्यापासून वेगळी होती. तिथे मालक हात काळे करत नसे. त्यासाठी शोफर असे. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘भट्टी पेटती ठेवणारा’ असा होतो. वाफेच्या यंत्रावर काम करणाऱ्याचे नाव मोटार चालवणाऱ्याला मिळाले. गाडी हाकणे हे त्याचे अर्धेच काम. तेलपाणी, ग्रीस, सफाई हे उरलेले अर्धे.

आपल्याकडेही संस्थानिकांच्या आणि शेठ मंडळींच्या मोटारी अशाच हातांवर चालल्या. ‘मिस्त्री’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, तर ‘उस्ताद’ फारसीतून. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, आपल्या कामात तयार झालेला माणूस. गॅरेजमध्ये उस्तादच्या हाताखाली शागिर्द पाने देता देता शिकत असे. म्हणजे आलिशान गाडीच्या मालकाला काही ठाऊक नसले, तरी ते ज्ञान कुणाच्या कुलपात नव्हते. चाळीतला मुलगाही ते शिकू शकत होता.

नंतरच्या काळात कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर या गाड्यांचे ऑइल तर कित्येक घरांत मालक स्वतःच बदलत. एक पाना, एक घमेले आणि रविवारची सकाळ, एवढ्यावर काम होत असे.

‘आयुष्यभराचे’ तेल

बदल झाला तो 1990च्या दशकात. त्यामागे विज्ञान होते, हे आधी मान्य केले पाहिजे. 1970च्या दशकापासून सिंथेटिक तेले बाजारात आली होती. ती उष्णतेत लवकर खराब होत नव्हती. इंजिनांची घडण अधिक अचूक झाली. त्यामुळे ऑइल बदलण्याचे अंतर वाढले, ही ग्राहकाच्या फायद्याचीच गोष्ट होती.

पण याच्याच जोडीने दुसरी गोष्ट घडली. 1996च्या सुमारास मर्सिडीजने नवा पाच-गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स आणला. त्याचे ऑइल आयुष्यभरासाठी भरले आहे, असे सांगण्यात आले. तेल भरायची नळी होती, पण तिच्यात डिपस्टिक नव्हती आणि झाकणावर लाल प्लास्टिकची खीळ होती. ती तोडल्याशिवाय झाकण निघत नसे. बीएमडब्ल्यूनेही त्याच दशकात गियरबॉक्सवर ‘लाइफटाइम’ तेलाची पट्टी चिकटवायला सुरुवात केली. 2005च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या नव्या सहा-सिलिंडर इंजिनातून इंजिन ऑइलची डिपस्टिकही गेली. तिच्या जागी सेन्सर आला आणि तेलाची पातळी पडद्यावर दिसू लागली.

आता प्रश्न असा की, ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य? युरोप-अमेरिकेत अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतल्या जातात. पहिल्या ग्राहकाला सर्व्हिसचा खर्च कमी दिसला की गाडी स्वस्त वाटते. गियरबॉक्स खराब होतो तो पुढे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातात. बीएमडब्ल्यूला गियरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. मर्सिडीजनेही पुढे त्या गियरबॉक्सचे ऑइल बदलण्याची सूचना सर्व्हिसच्या वेळापत्रकात घातली. म्हणजे तेल कधीच ‘आयुष्यभराचे’ नव्हते.

कुलूप लोखंडाला नाही, माहितीला

या गाड्यांचे तेल बदलायला लागणारे हात आणि पाने आजही तेच आहेत. बीएमडब्ल्यूच्या वर सांगितलेल्या सहा-सिलिंडर इंजिनात साडेसहा लिटर ऑइल बसते. फिल्टर वरच्या बाजूला असतो, ड्रेन बोल्टला नवा वायसर लावून तो 25 न्यूटन मीटरने आवळायचा, झाले! मात्र तेल त्या इंजिनासाठी मंजूर प्रमाणकाचेच हवे. जसे बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-01 किंवा मर्सिडीजचे 229.5. डब्यावर नुसते ‘5डब्ल्यू-30’ वाचून भागत नाही.

झेडएफच्या गियरबॉक्सचे तेलही असेच. इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान 30 ते 50 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, भरायच्या छिद्रातून ते ओघळू लागेपर्यंत भरायचे. तापमान कळायला स्कॅनर लागतो. कूलंट बदलल्यावर यंत्रणेत अडकलेली हवा काढायची असते. त्याच इंजिनात इग्निशन चालू करून, हीटर सर्वांत गरम आणि पंखा सर्वांत मंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबला की विजेवरचा पंप साधारण बारा मिनिटे आपोआप फिरतो आणि हवा निघून जाते. यात अवघड काय आहे? काहीच नाही. फक्त ते कुणीतरी सांगायला हवे. फोर्डच्या पुस्तिकेत हे पान असते. आजच्या मालकाच्या पुस्तिकेत ते नाही.

काही दारे बंदच बरी

याचा अर्थ कंपन्यांची प्रत्येक मनाई हा कट आहे, असा मुळीच नाही. मर्सिडीजने 2001पासून काही गाड्यांत विजेवर चालणारी ‘सेन्सोट्रॉनिक’ ब्रेक यंत्रणा बसवली. त्यात ब्रेक ऑइल प्रचंड दाबाखाली साठवलेले असते आणि दार उघडले तरी यंत्रणा जागी होऊ शकते. ती स्कॅनरने आधी बंद न करता कुणी ब्रेकमध्ये हात घातला, तर बोटे चिरडली जाण्याचा धोका असतो. याच यंत्रणेतील दोषामुळे मे 2004मध्ये सुमारे 6,80,000 गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या.

साध्या ब्रेकमध्येही सावधगिरी हवीच. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट 4’ प्रकारचे ताजे तेल किमान 230 अंशांवर उकळते, पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि कोकणासारख्या दमट भागात तर ही टाळाटाळ नकोच. पण ते बदलताना हवा आत राहिली, तर पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. इंजिन ऑइल घरी बदलणाऱ्याने ब्रेकला हात लावण्याआधी जाणत्याच्या शेजारी बसून शिकावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये, खाली पक्के स्टँड हवेत. कूलंटमधले ग्लायकोल विषारी आणि चवीला गोड असते, ते मुले आणि जनावरांपासून दूर ठेवावे. काढलेले ऑइल गटारात ओतणे हा तर अपराधच. 2016च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने सांगितले की, एखाद्या विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग किंवा सेवा घ्या, अन्यथा वॉरंटी नाही, अशी सक्ती साधारणपणे करता येणार नाही. 2012मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने संमत केला. युरोपीय संघानेही 2007च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणे बंधनकारक केले.

भारतात एका ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज-बेंझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक पुस्तिका खुल्या बाजारात मिळू न देणे, हा मुख्य आक्षेप होता. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टलही सुरू केले. मोटारी त्याच्या चार क्षेत्रांपैकी एक आहेत.

शागिर्दाचे काय?

हा विषय केवळ श्रीमंतांच्या छंदाचा वाटेल, पण तसे नाही. मर्सिडीजच्या गाड्या चाकणला जोडल्या जातात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात. पाच-सात वर्षांनी त्याच गाड्या निम्म्याहून कमी किमतीत मध्यमवर्गीयांकडे येतात आणि वॉरंटी संपल्यावर वस्तीतल्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतात. सच्चर समितीच्या 2006च्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे स्वयंरोजगारातले मोठे प्रमाण नोंदवले होते. गॅरेज हा त्यातलाच एक धंदा आहे. आमच्या वर्गातून दहावीनंतर निघून जाणारी काही मुले तिथेच जातात. त्यांच्या हातात हुनर आहे. त्यांना कमी पडते ती छापील माहिती. कोणते तेल, किती लिटर, किती अंशांवर, किती आवळायचे. ती मिळालीच, तर इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असते.

म्हणून दुरुस्तीच्या हक्काची मागणी करताना भाषेची मागणीही जोडली पाहिजे. तांत्रिक पुस्तिका खुल्या व्हाव्यात, आणि त्या मराठी, हिंदी, उर्दूतही मिळाव्यात. आयटीआयच्या शिक्षकांनी आणि आम्हा भाषा-शिक्षकांनी मिळून निदान तेलपाण्यापुरती प्रश्नोत्तरांची एक छोटी पुस्तिका तयार करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. शंभर वर्षांपूर्वी एका कंपनीने शेतकऱ्यांसाठी ते केले होते.