सिक्रीच्या तळ्यापासून आनासागरापर्यंत

आपल्या घरांतून अजमेरच्या प्रवासाची आखणी फार दिवस चालते. मन्नत कुणी आणि कशासाठी मागितली होती इथून बोलणे सुरू होते आणि तिकिटे, चादर, देगेत टाकायचे पैसे, वाटेतला डबा इथपर्यंत येऊन पोचते. ‘ख्वाजांचा बुलावा आल्याशिवाय जाणे होत नाही’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळीच बुलावा आला की सर्वांत आधी विचारतात, ‘मुक्काम कुठे कुठे करायचा?’

हा प्रश्न जुना आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी एका बादशहालाही तो सोडवावा लागला होता. त्याने शोधलेल्या उत्तरातून एक रस्ता तयार झाला. त्या रस्त्याच्या एका टोकाला एक तळे होते आणि दुसऱ्या टोकाला दुसरे. पहिले फतेहपूर सिक्रीचे, दुसरे अजमेरचे आनासागर. आपला इतिहास बहुधा तख्ताच्या बाजूने सांगितला जातो. एकदा तो या रस्त्याच्या बाजूने पाहावा, म्हणून हा लेख.

आनासागर ख्वाजासाहेबांच्या आधीचा. पृथ्वीराज चौहानाचा आजा अर्णोराज याने तो बाराव्या शतकात बांधून घेतला. ख्वाजांच्या वाडग्यात या तळ्याचे सगळे पाणी मावले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती नंतरच्या काळातल्या चरित्रग्रंथांमधून आलेली आहे. तिला श्रद्धेची कथा म्हणूनच जपावे. इतिहास एवढेच सांगतो की ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती या तळ्याकाठच्या गावात राहिले आणि १२३६ मध्ये इथेच त्यांचा विसाल झाला.

अकबर अजमेरला प्रथम गेला १५६२ साली. आग्र्याजवळ शिकारीला गेला असताना ख्वाजांची स्तुती गाणारे गवय्ये त्याने ऐकले आणि तो तसाच निघाला, असे अबुल फजल सांगतो. वाटेत दौसा लागले. बादशहाची स्वारी येते म्हणताच तिथले लोक गाव सोडून पळून गेले होते. पुढे सांगानेरला आमेरचा राजा भारमल भेटीला आला आणि अजमेरहून परतताना सांभर येथे भारमलच्या मुलीशी अकबराचा विवाह झाला. तिच्याच पोटी ३० ऑगस्ट १५६९ रोजी सिक्रीला, शेख सलीम चिश्तींच्या सान्निध्यात, शहजादा सलीम जन्माला आला. मुलगा झाला तर अजमेरपर्यंत पायी येईन, ही अकबराची मन्नत होती.

ती फेडायला तो जानेवारी १५७० मध्ये आग्र्याहून चालत निघाला. सुमारे ३६५ किलोमीटरची वाट त्याने सोळा मंजिलींत कापली. म्हणजे एका मंजिलीला सरासरी तेवीस किलोमीटर. मंजिलींची नावे ‘अकबरनामा’त आहेत. मंढाकर, फतेहपूर, खानवा, बसावर, तोडा, दौसा, सांगानेर, मुइज्जाबाद, साखून ही त्यांतली काही. जयपूर तेव्हा नव्हतेच. ते वसले १७२७ साली. त्यामुळे जुनी वाट सांगानेरवरून मुइज्जाबादकडे, म्हणजे आजच्या मोजमाबादकडे, वळत असे. पुढच्याच वर्षी, १५७१ मध्ये, सिक्रीला नवी राजधानी उभी राहू लागली आणि मग ही जियारतची वाट तळ्यापासून तळ्यापर्यंतची झाली.

सिक्री सोडल्यावर पहिला थांबा खानव्याचा. मार्च १५२७ मध्ये बाबर आणि राणा सांगा यांची लढाई इथे झाली. लढाईआधी बाबराने तळ सिक्रीच्या तळ्यावर टाकला होता, कारण एवढ्या फौजेला पुरेल इतके पाणी तिथे होते. शाळेच्या पुस्तकात ही लढाई दोन धर्मांची म्हणून मनात बसते. पण सांगाच्या बाजूने हसन खान मेवाती लढला आणि तिथेच पडला. इब्राहीम लोदीचा भाऊ महमूद लोदीही सांगाच्याच बाजूला होता. खानव्याला थांबणाऱ्याने हसन खानाचे नाव मुलांना जरूर सांगावे.

त्यापुढची मंजिल बसावर, आजचे भुसावर. इथे थोडे जास्त थांबले पाहिजे. ‘मुन्तखब-उत-तवारीख’ लिहिणारा मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी याचा जन्म जवळच्या तोड्याचा आणि बालपण बसावरचे. म्हणजे बादशहाची ही वाट त्याच्या घरावरून जात होती. तोच लिहितो की अकबराने आग्रा ते अजमेर दर मंजिलीला एक महाल आणि दर कोसाला एक मिनार व एक विहीर बांधण्याचा हुकूम दिला. बादशहाने शिकार केलेल्या हरणांची शेकडो शिंगे त्या मिनारांवर खुणेसाठी बसवली गेली. एवढे सांगून बदायुनी थांबत नाही. याऐवजी बागा किंवा सराया बांधल्या असत्या तर किती बरे झाले असते, असे तो नोंदवून ठेवतो.

बदायुनी कडवट होता, अकबराच्या धार्मिक प्रयोगांवर त्याचा राग होता, हे सर्व खरे. पण या एका ओळीत राग नाही. रस्त्याकाठच्या गावात वाढलेल्या माणसाचा तो सवाल आहे. महालात बादशहा आणि जनानखाना उतरणार. वर्षातून एकदा, तेही आले तर. रोज चालणाऱ्या फकिराला, व्यापाऱ्याला, कडेवर मूल घेऊन निघालेल्या बाईला रात्र काढायला सराई लागते. मिनारावर शिंगे लावून त्यांचे काय होणार? विहीर मात्र त्यांच्या उपयोगाची होती, हेही खरे. उन्हाळ्यात या मुलखातून जाणाऱ्याला त्या कोसावरच्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दौशानंतर सांगानेर. इथले कागझी हातकागदासाठी प्रसिद्ध. हे मुस्लिम कारागीर पिढ्यान् पिढ्या कागद बनवत आले आहेत. आपल्याला हे नाते परके वाटू नये. दौलताबाद–खुलदाबादच्या वाटेवरचा कागझीपुराही याच धंद्याचा, आणि खुलदाबादेत विसावलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब चिश्तीही याच सिलसिल्याचे.

मन्नतीची वाट म्हणून या रस्त्याची नुसती तारीफ करता येणार नाही. फेब्रुवारी १५६८ मध्ये चितोड पडले. किल्ला पडल्यावर सुमारे ३०,००० माणसे मारली गेल्याचे खुद्द अबुल फजल लिहितो. त्यानंतर अकबर शुकराना म्हणून तिथून अजमेरकडे पायी निघाला, आणि विजयाचा फतहनामाही अजमेरहूनच जारी झाला. ऑगस्ट १५७३ मध्ये गुजरातचे बंड मोडायला तो सिक्रीहून निघाला तो याच वाटेने. अजमेरला हजेरी लावून अकरा दिवसांत अहमदाबादला धडकला. जियारत आणि स्वारी यांची वाट एकच होती. दौशाचे लोक पळाले ते उगीच नव्हे. ख्वाजांचे नाव घेऊन बादशहाने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ख्वाजांच्या नावे मांडण्याचे मात्र कारण नाही.

याच वाटेवरून सत्तर वर्षांनी एक वेगळा प्रवास झाला. शहाजहानची मुलगी जहांआरा १६४३ साली वडिलांबरोबर आग्र्याहून अजमेरला गेली. चिश्ती बुजुर्गांवरच्या ‘मुनिसुल अरवाह’ या आपल्या ग्रंथाला जोडून तिने त्या जियारतीची हकीकत लिहिली आहे. दर मंजिलीला आपण दोन रकात नफल नमाज पढत होतो, असे ती सांगते. सुमारे एकोणीस दिवसांनी, रमजानच्या सात तारखेला, ती आनासागराच्या काठच्या इमारतींत उतरली. तिथे राहत असताना दर्ग्याच्या दिशेला पाय पसरायचे नाहीत, हा अदब तिने पाळला. दर्ग्यातले बेगमी दालान तिचेच. अकबराच्या मंजिली इतिहासकाराने मोजल्या. जहांआराने आपल्या मंजिली स्वतः लिहिल्या. त्या काळातल्या स्त्रीच्या हातची अशी हकीकत फार मोलाची आहे.

आता दोन तळ्यांचे काय झाले ते पाहू. सिक्रीच्या तळ्याचा बांध १५८२ मध्ये ऐन जलशाच्या वेळी फुटला. १५८५ मध्ये वायव्य सरहद्दीच्या राजकारणासाठी अकबर लाहोरला गेला आणि सिक्री राजधानी म्हणून संपली. पाणी आटले म्हणून शहर सोडले, असे सर्रास सांगतात. पण राजकारणाचे कारण त्याहून भारी होते. अकबराची अजमेरवारीही १५७९ नंतर थांबली होती. आज त्या तळ्याच्या जागी शेते दिसतात. बुलंद दरवाजा मात्र उभा आहे. त्यावर १६०१ च्या दख्खन-विजयाचा लेख आहे आणि त्यात खानदेशाला ‘दानदेश’ म्हटले आहे. हे नाव पडले शहजादा दानियालवरून. त्याचा जन्म १५७२ साली अजमेरलाच, दर्ग्याचे एक सेवक शेख दानियाल यांच्या घरी झाला होता, आणि १६०५ मध्ये तो बुऱ्हाणपुरात वारला. आपल्या खानदेशाने ते हुकमी नाव काही स्वीकारले नाही. त्याच दरवाज्यावर हजरत ईसांच्या नावाने एक वचन कोरले आहे. हे जग पूल आहे, त्यावरून पार व्हा, घर बांधू नका, असा त्याचा आशय. ज्या शहरात बादशहा पंधरा वर्षेही टिकला नाही, तिथे ते वचन अधिकच खरे वाटते.

आनासागरात अजून पाणी आहे. काठावर शहाजहानने १६३७ मध्ये बांधलेल्या संगमरवरी बारादऱ्या आहेत आणि दर्ग्यात देग अजून चढते.

तेव्हा पुढच्या वेळी अजमेरचा बेत मोटारीने ठरला, तर सुरुवात सिक्रीपासून करावी. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतले, एका दिवसात सहज होण्यासारखे. पण दोन दिवस घ्यावेत. खानवा, भुसावर, दौसा, सांगानेर असे थांबत जावे. वाटेत एखादा कोसमिनार दिसला तर मुलांना अकबराची गोष्ट सांगावी, आणि बदायुनीची तक्रारही सांगावी. डब्याबरोबर पाण्याचे एक भांडे जास्तीचे घ्यावे. वाटेत मागणारा कुणी ना कुणी भेटतोच.