आमच्या घराचे चौरस फूट

२०२२ च्या मे महिन्यात एका दुपारी आमचं घर ८३२ चौरस फुटांनी लहान झालं. भिंत पडली नाही, छप्पर उडालं नाही. एक माणूस लेसरचं यंत्र घेऊन आला, घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली, आत येऊन छताची उंची बघितली, आणि निघून गेला. बस्स.

झालं असं, की मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी घरावर नव्याने कर्ज काढायचं होतं. कर्ज म्हटलं की बँक आधी अप्रेझर पाठवते, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस. २००१ साली इथे न्यू जर्सीत आम्ही हे घर घेतलं तेव्हा कागदावर १९७६ चौरस फूट होते. अप्रेझरच्या रिपोर्टात आले ११४४.

आमचं घर 'बाय-लेव्हल' पद्धतीचं आहे. १९६२ चं बांधकाम. दार उघडलं की जिन्याचा मधला टप्पा. अर्धा जिना चढून वर हॉल, स्वयंपाकघर आणि बेडरूम, अर्धा उतरून खाली गराज, एक मोठी खोली, एक बेडरूम, बाथरूम. खालचा मजला साधारण चार फूट जमिनीत आहे. वरचा मजला बाहेरून २६ बाय ४४, म्हणजे ११४४. खाली तेवढंच, वजा ३१२ चं गराज, म्हणजे ८३२. दोन्ही मिळून १९७६. हिशोब चोख होता, पण नियमात बसत नव्हता. नियम असा, की मजल्याचा थोडासा जरी भाग जमिनीच्या पातळीखाली असेल तर तो अख्खा मजला जमिनीखालचा. त्याला खिडक्या असोत, गालिचा असो, तिथे कोणी राहत असो, मुख्य आकड्यात तो येत नाही.

आता मी इंजिनियर माणूस. नियम आहे म्हटल्यावर तो कोणी केला आणि केव्हा, हे शोधल्याशिवाय चैन पडेना.

अमेरिकेत सरकारने घरं मोजायला सुरुवात केली ती फार पूर्वी, १७९८ साली. फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा होती, पैसा हवा होता, म्हणून काँग्रेसने वीस लाख डॉलरचा थेट कर बसवला. १०० डॉलरहून जास्त किमतीच्या प्रत्येक घराची नोंद करायची होती: लांबी-रुंदी, मजले किती, भिंती लाकडाच्या की दगडाच्या, आणि खिडक्या किती. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात जर्मन शेतकऱ्यांची वस्ती होती. अधिकारी दारात उभा राहून खिडक्या मोजतोय हे बघून त्यांचं डोकं फिरलं. बायकांनी वरून उकळतं पाणी ओतलं असं सांगतात. जॉन फ्राइज नावाच्या एका लिलाव पुकारणाऱ्याने माणसं जमवली, आणि मार्च १७९९ मध्ये बेथलेहेम गावी जाऊन अटकेतले लोक सोडवले. त्याला राजद्रोहाखाली फाशीची शिक्षा झाली, पण १८०० साली अध्यक्ष जॉन ॲडम्सने माफी दिली. (फ्राइजच्या कुत्र्याचं नाव व्हिस्की होतं, आणि त्या कुत्र्यामुळेच तो सापडला म्हणतात!) घर मोजण्यावरून अमेरिकेत एकदा बंड झालं होतं, हे मला वीस वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

त्यानंतर बराच काळ सामान्य माणूस घर खोल्यांनी मोजत असे. आपल्याकडे नाही का, आजोबांचं घर 'पाच खणी' होतं, चौरस फूट कोणी विचारलेच नाहीत. चौरस फुटाचं प्रस्थ वाढलं ते घरकर्जं वाढली तसं. १९३४ साली सरकार घरकर्जांचा विमा उतरवू लागलं, १९३८ साली बँकांकडून कर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था निघाली. हजार मैलांवरून कर्ज घेणाऱ्याला ते घर कसं दिसणार? त्याला आकडा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनमध्ये एका साच्याची हजारो घरं उभी राहिली. पहिली ७५० चौरस फुटांची, आणि वर मोकळा, अर्धवट सोडलेला माळा. पोरंबाळं झाली की लोकांनी माळ्यावर खोल्या काढल्या. आता उतरत्या छपराखालची ती जागा घरात धरायची की नाही? धरली तर कुठपर्यंत? जो तो आपापल्या पद्धतीने मोजत होता.

देशभराचं एक प्रमाण ठरायला १९९६ साल उजाडलं. चंद्रावर जाऊन आल्यावर सत्तावीस वर्षांनी! बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संशोधन केंद्राने ते तयार केलं, नाव झेड-७६५. माप बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाने घ्यायचं. छत किमान ७ फूट हवं. उतरतं छप्पर असेल तर खोलीच्या निदान अर्ध्या जागेत ७ फूट उंची हवी, आणि ५ फुटांखालची जागा मुळीच धरायची नाही. म्हणजे लेव्हिटाउनच्या माळ्याचा प्रश्न सुटला. जिना ज्या मजल्यावरून उतरतो त्या मजल्यात धरायचा. दोन मजली उंच दिवाणखान्यात वरची पोकळी धरायची नाही. हे मला फार आवडलं. मोठ्या घरांच्या हौसेपोटी लोक हवाही विकत होते.

पण हे प्रमाण ऐच्छिक होतं. पाळलं तर पाळलं. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्याची स्वतःची वेगळी मार्गदर्शक पद्धत. पुढे फॅनी मेने १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे येणाऱ्या कर्जांसाठी ते सक्तीचं केलं. आमचा अप्रेझर आला मे महिन्यात. महिन्या-दीड महिन्याने चुकलो.

बाहेरच्या अंगाने माप का? एक तर बांधणाऱ्याचा खर्च त्यावर ठरतो, आणि दुसरं, मोजणाऱ्याला आत येऊन पलंग-कपाटं हलवावी लागत नाहीत. पण हे कारण बाबांना कधीच पटलं नाही. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, सगळं आयुष्य मेजरमेंट बुक भरण्यात गेलं. २००४ साली सहा महिने इकडे राहिले तेव्हा कंटाळून त्यांनी टेप मागितली आणि वरचा मजला आतून मोजला. २५ बाय ४३, म्हणजे १०७५. "अरे, ६९ फूट गेले कुठे?" मी म्हटलं, भिंतीत. "भिंतीत काय राहायचंय?" कोथरूडचा फ्लॅट घेताना 'सुपर बिल्टअप' ८५० मधले हातात सहाशेच पडले होते, त्याचा राग अजून होता. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाहीत, बाल्कनीही नाही. हे बाबांच्या मापाच्या जवळ जाणारं आहे. ते २०१७ साली गेले. रेराबद्दल त्यांच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

कर्जाचं म्हणाल तर ते मिळालं. खालचा मजला रिपोर्टात वेगळ्या ओळीत होता, आणि तुलनेला घेतलेली घरंही बाय-लेव्हलच होती, त्यामुळे किंमत फारशी घसरली नाही. एवढी हाय खाण्याचं कारण नव्हतं.

त्या रविवारी पुण्याला फोनवर आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही दोघं राहायचो ती खालची खोली त्यांनी धरलीच नाही?"

मी म्हटलं, "धरलीय गं, पण वेगळ्या रकान्यात."

"बरं," म्हणाली, आणि तिकडे किती वाजलेत ते विचारलं.