नाव मेलबर्नचे, पाणी जायकवाडीचे

महाराष्ट्रातल्या वाइन शॉपच्या फ्रीजमध्ये डॅनिश, डच, ऑस्ट्रेलियन नावांच्या बिअरच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. बाटली वळवून मागची बारीक अक्षरे वाचली की वाळूज, तळोजा अशी आपल्याच एमआयडीसींची नावे दिसतात. त्या बाटलीतली बिअर समुद्र ओलांडून आलेली नसते. परदेशातून येते ते नाव, कृतीची वही आणि थोडेसे यीस्ट. एका गावची बिअर दुसऱ्या गावात बनवायची, तेच नाव लावायचे आणि नावाच्या मालकाला बाटलीमागे ठरलेली रॉयल्टी द्यायची, हा रिवाज आज इतका रुळला आहे की तो कधीतरी सुरू झाला असेल हेही मनात येत नाही. खरे तर त्याचा जन्म दोन अगदी वेगळ्या ठिकाणी झाला: कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत आणि लंडनच्या कायद्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना कुणाला सुचली असती तरी ती अमलात आणता आली नसती. बिअर तेव्हा गावाला चिकटलेली होती. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली फिकट एल खणखणीत कडवट लागे. बोहेमियातल्या पिल्झनचे पाणी अतिशय मृदू, म्हणून तिथली सोनेरी लागर हळुवार. मुंबईतल्या गोऱ्या साहेबाला बर्टनची बिअर हवी असेल, तर ती पिंपांतून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, महिनोन्महिने प्रवास करूनच यायची. पाण्याचे कोडे आधी सुटले. १८७८ च्या सुमारास व्हिन्सेंट नावाच्या रसायनज्ञाने साध्या पाण्यात जिप्सम मिसळून त्याला बर्टनच्या पाण्याचे गुण देण्याची रीत मांडली. क्षार मोजून घालता येऊ लागले. यीस्टचे कोडे त्याहून अवघड होते.

कार्ल्सबर्गचा संस्थापक जे. सी. जेकबसेन १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत गेला आणि गॅब्रिएल झेडलमायरकडून तळाशी बसणारे बव्हेरियन यीस्ट घेऊन निघाला. कोपनहेगनपर्यंतच्या प्रवासात घोडागाडी थांबेल तिथे यीस्टच्या भांड्यांवर गार पाणी ओतत त्याने ते जिवंत ठेवले. शेजारणीकडून विरजण आणावे तसेच हे. आणि विरजणासारखीच त्याची अडचणही होती, कारण आणलेल्या यीस्टमध्ये नेमके कोणकोणते जीव आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हते. चांगल्याबरोबर रानटी जातीही वाढत. एखाद्या हंगामात बिअर उत्तम उतरे, तर पुढच्या हंगामात का बिघडली ते कळत नसे. ज्या वस्तूची चव तिच्या जन्मगावीही वर्षभर टिकत नाही, तिचे नाव परक्या गावाला वापरायला देणार तरी कसे?

जेकबसेनने १८७५ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन केली. तिथे १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हॅन्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. त्या वर्षापासून यीस्ट ही ओळखता येणारी, साठवता येणारी, दूर पाठवता येणारी वस्तू झाली. जेकबसेनने हा शोध कुलपात ठेवला नाही. पेटंट न घेता त्याने तो इतर ब्रुअरींना खुला केला. बिअरच्या साऱ्या इतिहासात मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो, तो याच एका निर्णयामुळे. पुढे १८८६ मध्ये हार्टोग एलियनने हाइनकेनसाठी ‘ए’ यीस्ट वेगळे केले. आजही ते नेदरलँड्समधून हाइनकेनच्या जगभरच्या ब्रुअरींकडे धाडले जाते, आणि तिथे बनलेल्या बिअरचे नमुने तपासणीसाठी उलट पाठवले जातात. परदेशी ब्रँडच्या परवान्याचा खरा प्राण या येण्याजाण्यात आहे.

आता नावाकडे वळू. १ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला तो बर्टनच्याच बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण. नाव ही मालमत्ता झाली. पण ती भाड्याने देता येत नव्हती. चिन्ह म्हणजे मालाच्या उगमाची ग्वाही, अशी कायद्याची समजूत होती. सायकलच्या ब्रेकची तार ज्या बाउडनच्या नावाने ओळखली जाते, त्याच नावाचा खटला १९१४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. एका कंपनीने आपले चिन्ह दुसऱ्या कंपनीला वापरू दिले होते. त्यामुळे ग्राहकाची फसगत होते, असे म्हणत न्यायालयाने ते चिन्हच अवैध ठरवले. हा कडकपणा १९३८ च्या ब्रिटिश कायद्याने सैल केला. मालकाचा दर्जावर ताबा असेल तर दुसऱ्याला ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून चिन्ह वापरता येईल, असे ठरले. त्या कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १९४० चा कायदा आला. उगमाची ग्वाही गेली, तिच्या जागी दर्जाची ग्वाही आली. तुम्ही-आम्ही फ्रीजमधून उचलतो त्या बाटलीला हा बदल पुरेपूर लागू आहे.

यीस्ट आणि कायदा दोन्ही हाताशी आल्यावर पन्नास-साठच्या दशकांत वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या आणि या रिवाजाला बाजारपेठ मिळाली. नव्या सरकारांना आपल्या भूमीवर कारखाने हवे होते, आयात मालावर त्यांनी कर लादले. शिवाय बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. ते पाणी जहाजात भरून अर्ध्या जगापलीकडे नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. गिनेसने १९६२ मध्ये लागोसजवळ इकेजाला ब्रुअरी काढली.  कार्ल्सबर्गची डेन्मार्कबाहेरची पहिली ब्रुअरी १९६८ मध्ये मलावीतल्या ब्लँटायरला आली.

नायजेरियाची गोष्ट थांबून सांगण्याजोगी आहे. भाजलेल्या बार्लीचा काळाकभिन्न रंग आणि चव हे गिनेसचे वैशिष्ट्य. ते टिकवायला डब्लिनहून एक दाट अर्क पाठवला जाई. स्थानिक ब्रुअरीने फिकट बिअर तयार करून त्यात तो मिसळायचा. १९८८ मध्ये नायजेरिया सरकारने बार्लीची आयात बंद केली. तेव्हा तिथल्या ब्रूअरनी ज्वारी आणि मक्यावर बिअर उतरवायला सुरुवात केली. ज्वारीचे माल्ट बार्लीसारखे वागत नाही, तिच्यातला स्टार्च फुटायला जास्त तापमान लागते, त्यामुळे सगळी कृती नव्याने बसवावी लागली. या ज्वारीच्या गिनेसवर नायजेरियन माणसाने असे प्रेम केले की पुढे विक्रीत त्या देशाने आयर्लंडलाही मागे टाकले. तिला डब्लिनच्या बिअरची नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. डब्लिनचा अर्क, नायजेरियाची ज्वारी आणि तिथल्या तंत्रज्ञांची अक्कल यांतून आलेली ती वेगळी बिअर आहे.

परवान्याचा दुसरा चेहरा ब्रिटनमध्ये दिसला. तिथल्या व्हिटब्रेड ब्रुअरीने १९६९ पासून हाइनकेन ब्रिटनमध्ये बनवली, पण मूळच्या ५ टक्के अल्कोहोलऐवजी सुमारे ३.४ टक्क्यांची. नाव तेच, बाटलीतला माल वेगळा. अखेर २००३ मध्ये हाइनकेनने ती बंद करून नेदरलँड्सची बिअर आणली. इथे माझा आक्षेप स्पष्ट आहे: चिन्ह जर दर्जाची ग्वाही असेल, तर ती पातळ करण्याचा अधिकार मालकालाही नसावा.

अमेरिकेत प्रश्न उगमावर आला. म्युनिकची लोव्हेनब्रॉय मिलर कंपनीने सत्तरच्या दशकात अमेरिकेतच बनवून आयात बिअरच्या थाटात विकली, तेव्हा प्रतिस्पर्धी अँहायझर-बुशने सरकारी आयोगाकडे तक्रार केली. पुढे तीच वेळ अँहायझर-बुशवर आली. जर्मनीची बेक्स ती कंपनी २०१२ पासून सेंट लुइसमध्ये बनवू लागली. ‘अमेरिकेचे उत्पादन’ हे शब्द बाटलीवर होते, पण चकाकत्या कागदावर बारीक पांढऱ्या अक्षरांत, आणि खोक्यात असताना न दिसणारे. ग्राहकांनी दावा लावला. २०१५ मध्ये तडजोड झाली, पावती असलेल्या कुटुंबाला ५० डॉलरपर्यंत परतावा मिळाला. जपानच्या किरीनबाबतही तसेच घडले. ताजेपणात स्थानिक बिअर अनेकदा सरस असते. उन्हातान्हातून, बोटीतून आलेली बिअर शिळी झालेली असते. मग ती कुठे बनली हे ठळकपणे लिहायला हरकत काय?

आपल्याकडचा सर्वांत बोलका दाखला फॉस्टर्सचा. ऑस्ट्रेलियाची ओळख म्हणून जगभर खपलेली ही बिअर सुरू केली विल्यम आणि राल्फ फॉस्टर या न्यूयॉर्कहून मेलबर्नला आलेल्या भावांनी. १८८८ मध्ये त्यांनी बर्फाची यंत्रे लावून लागर बनवली आणि वर्षभरातच ब्रुअरी विकून टाकली. ब्रँडचे खरे आयुष्य त्यांच्यानंतरचे. १९८१ पासून ती ब्रिटनमध्ये परवान्यावर बनू लागली आणि तिथे अफाट खपली. मेलबर्नकर स्वतः मात्र दुसऱ्या बिअर पितात. १९९८ मध्ये ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या, वाळूजला आली. आयात बिअरवर जबर सीमाशुल्क असताना भारतात शिरण्याचा शहाणा मार्ग हाच होता. मुंबईची बाजारपेठ रस्त्याने गाठता येण्याजोगी, एमआयडीसीची जमीन आणि पाणी तयार. तिच्याबरोबर आणि तिच्यानंतर इतर ब्रुअरीही तिथे जमल्या. तळोज्याला युनायटेड ब्रुअरीजने २०११ मध्ये हाइनकेन बनवायला घेतली.

फॉस्टर्सने २००६ मध्ये भारतातला धंदा सॅबमिलर या बिअर कंपनीला १२ कोटी डॉलरला विकला. ब्रुअरीबरोबर नावेही विकली गेली, आणि आयकर खात्याने विचारले: या नावावरचा नफा कुठे झाला? २००८ मध्ये आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाने म्हटले की भारतात नोंदलेले, भारतात रुजलेले चिन्ह भारतातच आहे, त्यामुळे कर लागतो. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

ते तिथे पडून असतानाच मराठवाड्यात दुष्काळ पडला. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी धरणाचा साठा तळाला गेला, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. वाळूजच्या ब्रुअरींना मिळणारे पाणी जायकवाडीचेच. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि दारूच्या कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश दिला, आणि मे महिन्यात ही कपात ६० टक्क्यांवर नेली. तो आदेश योग्यच होता. पिण्याच्या पाण्यापुढे बिअरचा हक्क उभा राहू शकत नाही. बाटलीवर मेलबर्न असो की अॅमस्टरडॅम, आतला जवळजवळ सगळा ऐवज या धरणाचा आहे, हे तेव्हा लख्ख दिसले.

त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फॉस्टर्सचा निकाल दिला. अमूर्त मालमत्तेचे ठिकाण कोणते हे ठरवणारा नियम भारतीय कायद्यात नाही, तेव्हा जिथे मालक तिथे ती, असे मानून न्यायालयाने नाव ऑस्ट्रेलियात असल्याचे ठरवले आणि आधीचा निर्णय रद्द केला.